गोळी ‘उष्ण पडली’ म्हणजे काय झाले?

“डॉक्टर, मागच्या गोळ्या मला उष्ण पडल्या.” हे वाक्य ऐकल्यावाचून माझा आठवडा सरत नाही. म्हणजे काय झाले असे विचारावे, तर कोणाच्या पोटात जळजळ झालेली असते, कोणाच्या अंगावर गांधी उठलेल्या असतात, कोणाला नुसती झोप आलेली असते. आणि एखाद्याला काहीच झालेले नसते, शेजारच्या काकूंना झाले एवढेच! शब्द एक, पण दुखणी निरनिराळी आणि त्यांवरचे उपायही निरनिराळे. फराळाच्या ताटाशी औषधांचा विषय काढतो आहे, वाचकांनी राग मानू नये.

औषध बाधण्याच्या दोन मुख्य जाती १९७७ साली रॉलिन्स आणि थॉम्पसन या ब्रिटिश डॉक्टरांनी सांगितल्या. पहिल्या जातीत औषधाच्या ठाऊक असलेल्या गुणाचाच अतिरेक होतो. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन एकादशीचा कडक उपास केला, तर साखर फार उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात. सर्दीच्या गोळीने पेंग येते. सांधेदुखीच्या गोळ्यांनी जठराच्या अस्तराचे संरक्षण घटते आणि जळजळ होते. बाधण्याचे बहुतेक प्रकार या जातीचे. मात्रा, वेळ किंवा औषध बदलले की बहुधा निभावते.

मात्र बाधा ओळखता आली पाहिजे. एक आजी माझ्याकडे आल्या, त्या तीन महिन्यांचा कोरडा खोकला घेऊन. ज्येष्ठमध झाले, आल्याचा रस झाला, खोकल्याच्या दोन बाटल्या संपल्या. छातीचा फोटो स्वच्छ. मी विचारले, “आजी, रक्तदाबाची गोळी कधी सुरू झाली?” “खोकल्याच्या पंधरा दिवस आधी.” ती गोळी एनालाप्रिलची होती, तिने काही जणांना असा खोकला येतो. गोळी बदलली आणि काही आठवड्यांत आजींचा खोकला गेला. नवी तक्रार उद्भवली की नवे औषध कोणते चालू झाले, हे आधी आठवावे.

दुसरी जात लहरी. येथे दोष मात्रेचा नसतो; त्या माणसाच्या शरीराचे त्या औषधाशी वाकडे असते. पेनिसिलीन आणि सल्फाची औषधे यासाठी प्रसिद्ध आहेत. औषध घेतल्यावर काही मिनिटांत ओठ, चेहरा सुजला, श्वास कोंडला, तर घरगुती उपायांत क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. काही दिवसांनी ताप येऊन डोळे लाल झाले, तोंड आले, अंगावर फोड उठले, तरीही तसेच. असे औषध पुन्हा घ्यायचे नाही. पण रोगी सांगतो, “पांढरी गोळी होती, नाव आठवत नाही!” पांढऱ्या गोळ्या शेकडो आहेत हो. त्या न आठवलेल्या नावावर पुढच्या खेपेला जीव टांगलेला असतो.

पुढे या दोन जातींत आणखी काहींची भर पडली. स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्याने हाडे ठिसूळ होतात, आणि ते एकाएकी बंद केले तर त्याचाही धोका असतो. म्हणून ‘बाधते’ म्हणून अशी औषधे परस्पर सोडू नयेत. काही औषधांचा परिणाम उशिरा दिसतो. १९५७ साली जर्मनीत आलेले थॅलिडोमाइड गरोदर स्त्रियांनी मळमळीवर घेतले आणि निरनिराळ्या देशांत हजारो बालके अपुऱ्या हातापायांची जन्मली. १९६१ साली लेंझ व मॅकब्राइड या डॉक्टरांनी तो संबंध उघड केला. जगाला तेव्हा कळले, की बाधलेल्या औषधाची वार्ता घरात ठेवायची नसते. आपल्याकडे २०१० पासून औषधांवर पाळत ठेवणारी सरकारी योजना आहे. १८००-१८०-३०२४ या दूरध्वनीवर रोगी स्वतःही तक्रार सांगू शकतो.

लक्ष्मीपूजनाला आपण जमाखर्चाच्या वह्या पुजतो. यंदा घरात आणखी एक वही करा. प्रत्येकासाठी एक पान: औषधाचे नाव, तारीख, काय झाले, किती वेळाने झाले. डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर न्या. आणि तिच्यात ‘उष्ण पडली’ एवढेच लिहू नका, म्हणजे झाले!