पैशाने ‘वीर’ होता येत नाही

२० जुलै २०२१ रोजी अमेरिकन मक्तेदार भांडवलदार जेफ बेझोस दहा मिनिटांचे अवकाशोड्डाण करून परतले आणि त्यांच्याच कंपनीने त्यांच्या छातीवर अंतराळवीराचे पंखचिन्ह लावले. यान स्वयंचलित, बेझोस केवळ बसले होते! त्याच दिवशी अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनाने हा मान उड्डाणसुरक्षेस हातभार लावणाऱ्यांपुरता मर्यादित केला. परंतु डिसेंबरात सरकारी पंखचिन्हही बेझोस यांना बहाल केलेच. याचे पैसे ॲमेझॉनच्या कामगारांनी व ग्राहकांनी भरले, ही कबुली खुद्द बेझोस यांचीच आहे.

ओतकाम शिकलेले गागारिन १९६१ मध्ये आणि कापड गिरणीतील कामगार तेरेश्कोवा १९६३ मध्ये प्राण पणाला लावून अवकाशात गेले. ‘वीर’ ही पदवी अशा कर्तृत्वाची आहे. धनिकांना ‘प्रवासी’ हा शब्द पुरेसा आहे.