शक्तिपीठ महामार्गावर सायकल जाणार नाही, मग हिंगोलीत ती कुठं चालवायची? उत्तर कालव्याच्या काठावर आहे

सोशल मीडियावर नेदरलँड्स किंवा बेल्जियमचे सायकलचे व्हिडिओ हमखास फिरतात. समुद्राजवळचा सपाट मुलूख, शेतांमधून जाणारी अरुंद डांबरी वाट आणि मैलोनमैल एकही गाडी नाही. खाली कमेंट ठरलेली असते: "आपल्याकडे हे कधी होणार?"

हा प्रश्न हिंगोली जिल्ह्याला विचारून पाहिला, तर उत्तर वाटतं तितकं निराशाजनक नाही. इथं समुद्र नाही, पण सपाट आणि शांत वाट तयार होण्यासाठी लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी आहेत. शक्तिपीठ महामार्गाची आखणी सुरू असताना त्या टिकतात की तुटतात, हा मुद्दा आहे.

वाहतूकमुक्त रस्ता तयार कसा होतो?

युरोपातले हे रस्ते फक्त सायकलसाठी बांधले, असा अनेकांचा समज असतो. त्यातल्या बऱ्याच वाटा मुळात पाण्यासाठी झाल्या. पूर्वी कालव्यातली बोट काठावरून घोडे ओढायचे. त्यासाठी काठाला वाट लागायची. घोडे गेले, वाट राहिली आणि तिथं सायकली आल्या. नेदरलँड्समध्ये 1932 साली पूर्ण झालेला अफ्स्लाउटडाइक हा 32 किलोमीटरचा बांध समुद्र अडवण्यासाठी घातला. त्यावरूनही सायकलचा मार्ग जातो.

या वाटा शांत राहतात त्यामागचं कारण साधं आहे. लांबच्या गाड्यांना दुसरा मोठा रस्ता आहे आणि ही वाट शॉर्टकट म्हणून कामाची नाही. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर इथून जातोच. पण ज्याचं तिथं काम नाही, तो गाडी घालत नाही.

आपल्या कोकणात किनारा आहे, पण ही सपाटी नाही. रेवस ते रेड्डी सागरी मार्गावर सायकलस्वार जातात तेव्हा प्रत्येक खाडीपाशी उतार आणि पुढं चढ ठरलेला असतो.

हिंगोलीत सपाट वाट कुठं आहे?

जिल्ह्याचा सेनगाव आणि औंढ्याकडचा भाग डोंगराळ आहे. वसमतकडे उतरलं की पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, सपाट जमीन लागते. हळद, ऊस आणि केळीचा हा पट्टा.

औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. त्याच्या वरच्या बाजूला परभणी जिल्ह्यात येलदरी धरण आहे. 1960 च्या दशकातल्या या पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांचं पाणी हिंगोली, परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतल्या शेतीला मिळतं. दुसरीकडे, कळमनुरीच्या सीमेवर पैनगंगेचं इसापूर धरण आणि त्याचे कालवे आहेत.

मुख्य कालव्याच्या कडेनं देखभालीसाठी रस्ता ठेवलेला असतो. गावात त्याला कॅनॉलचा रस्ता म्हणतात. त्याची खासियत चढ-उतारात आहे. पाणी पंपाशिवाय वाहावं म्हणून कालव्याला अगदी नाममात्र उतार देतात. किलोमीटरभर अंतरात जेमतेम काही सेंटिमीटर. त्यामुळे आजूबाजूची जमीन उंचसखल असली तरी कालवा वळसे घेत एकाच उंचीवरून जातो, आणि शेजारचा रस्ताही जवळपास सपाट राहतो.

हा रस्ता जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो. गाव ते गाव जोडण्यापेक्षा तो पाण्याच्या सोयीनं वळत जातो. म्हणून घाईतल्या गाडीला त्याचा फारसा उपयोग नाही. डच वाटेच्या दोन्ही अटी इथं आपोआप पूर्ण होतात.

मोठ्या रस्त्याची सोयही आहे. अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग 161 चौपदरी झाल्यामुळे लांबची वाहतूक तिकडून जाते.

पण हे कुणासाठी?

रविवारी हेल्मेट घालून निघणारे सायकलपटू हिंगोलीत फार नसतील. रोज सायकल लागणारे मात्र आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 11.77 लाख आहे आणि त्यातले जवळपास 85 टक्के लोक खेड्यांत राहतात.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे. ताशी 12 किलोमीटर वेगानं हे अंतर 25 मिनिटांचं. सायकल मिळाली, पण शाळेच्या वाटेत चौपदरी ओलांडावा लागत असेल, तर आई-वडील तिला पाठवतील का? योजनेचं यश या प्रश्नावरही अवलंबून आहे.

धोका खरा आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 जणांचा जीव गेला.

शक्तिपीठ महामार्गानं काय बदलेल?

वर्ध्यातल्या पवनारपासून सिंधुदुर्गातल्या पत्रादेवीपर्यंत 802 किलोमीटरचा हा महामार्ग आखला गेला. बारा जिल्ह्यांच्या यादीत हिंगोली आहे. जोडल्या जाणाऱ्या देवस्थानांत औंढा नागनाथ आहे. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं भूसंपादन आणि आखणीसाठी 20 हजार कोटींहून जास्त रकमेला मंजुरी दिली. शेतकऱ्यांचा विरोध अनेक जिल्ह्यांत झाला, हिंगोलीतही झाला. बागायती जमीन जाण्याचा प्रश्न त्यात सगळ्यात मोठा आहे.

सायकलचा मुद्दा त्यामानानं लहान वाटेल, पण तो रोजच्या जगण्याशी जोडलेला आहे. समृद्धी महामार्गावर दुचाकी आणि तीनचाकीला बंदी आहे. शक्तिपीठही त्याच धर्तीचा, ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येणारा रस्ता असणार आहे. म्हणजे सायकल त्यावर जाणार नाही, हे गृहीत धरायला हरकत नाही.

खरा परिणाम आडव्या जाणाऱ्या वाटांवर होतो. अशा महामार्गाला थेट ओलांडता येत नाही, खालून बोगदा किंवा वरून पूलच लागतो. तो कुठं येणार, यावर शेत आणि शाळा जवळ राहणार की दोन-तीन किलोमीटरचा वळसा पडणार, हे ठरतं. गाडीला हा वळसा काही मिनिटांचा असतो, सायकलवरच्या मुलीला तो रोजचा अर्धा तास होऊ शकतो.

शांततेची किंमत हिंगोलीला आधीच कळली आहे

औंढ्याजवळ दुधाळा इथं लायगो-इंडिया प्रकल्प उभा राहतोय. 2023 मध्ये केंद्रानं त्यासाठी सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरी मोजणाऱ्या या यंत्राच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या असतील. जड वाहनांमुळे जमिनीला बसणारे बारीक हादरेही त्याच्या मोजणीत अडथळा आणतात. म्हणून जागा निवडताना आजूबाजूची जमीन किती शांत आहे, हे पाहिलं गेलं. कमी वाहतूक हीसुद्धा संपत्ती असते, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

मग करायचं काय?

नवीन ट्रॅक बांधणं हा एक मार्ग आहे. उत्तर प्रदेशात 2016 मध्ये इटावा ते आग्रा असा 207 किलोमीटरचा सायकल मार्ग सुरू झाला, पण देखभालीअभावी त्याची बरीच दुरवस्था झाली. हैदराबादनं 2023 मध्ये सौरछताखाली 23 किलोमीटरचा ट्रॅक केला. ते मोठ्या शहराला परवडतं, हिंगोलीला तो खर्च झेपणार नाही.

कालव्याच्या रस्त्यावर काम कमी आहे, पण अडचणी आहेत. पावसाळ्यात काळी माती चाकात अडकते, म्हणून मुरूम आणि खडीचा थर हवा. पाण्याच्या बाजूला वळणांवर कठडा हवा, नाहीतर बुडण्याची भीती. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या वाढतात. निर्जन रस्त्यावर मुलींच्या सुरक्षेचा प्रश्नही येतो, त्यामुळे शाळेच्या वेळेत वाट वर्दळीची राहील असे गावाजवळचे तुकडे आधी घ्यावे लागतील. आणि थर चांगला झाला की तो शॉर्टकट बनू नये, ही काळजी वेगळीच.

त्यासाठी कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 नुसार एखाद्या रस्त्यावर मोटार वाहनांना निर्बंध घालता येतात. शेतकऱ्यांना सूट देऊन बाकीच्यांना अडवणं शक्य आहे. कलम 138(1अ) खाली सायकल आणि पादचाऱ्यांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे नियम सहा महिन्यांत करा, असं राज्यांना सांगितलं.

आत्ता काय पाहायचं?

महामार्ग कालव्याला ओलांडतो तिथं पूल येतो. तो फक्त पाण्यापुरता बांधला, तर काठचा रस्ता तिथंच संपतो. कमान दोन्ही बाजूंना चार-पाच मीटर वाढवली, तर बैलगाडी आणि सायकल खालून निघून जाते. नकाशा कागदावर असताना हा बदल स्वस्त असतो. काँक्रीट पडल्यावर तो जवळपास अशक्य होतो. भूसंपादनाच्या बैठकांत मोबदल्याच्या दरासोबत हा एक प्रश्न गावांनी विचारायला हवा: आमच्या कॅनॉलच्या रस्त्याचं काय?