विश्लेषण : तापलेले इंजिन लगेच पुन्हा सुरू का होत नाही? ‘ई-२०’ पेट्रोलचा संबंध किती?

बार्शीसह सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. या दिवसांत जुन्या दुचाकी, मोटारी सकाळी पटकन सुरू होतात. पण बाजारात दहा मिनिटे थांबल्यावर दाद देत नाहीत. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आल्यापासून त्याचे खापर इंधनावर फोडले जात आहे. रस्त्यावर हा केवळ मनस्ताप असतो. पेट्रोलवर चालणाऱ्या बोटीत, भर पाण्यात, हाच दोष जिवावर बेतू शकतो.

नेमके काय घडते?

इंजिन चालू असताना वारा किंवा पाणी त्याला थंड ठेवते आणि ताजे पेट्रोलही सतत वाहत असते. इंजिन बंद केले की हे थांबते. आतली उष्णता मात्र बाहेर पसरत राहते. त्यामुळे बंद केल्यानंतर काही मिनिटे कार्बोरेटर आणि इंधनाची नळी आणखी तापतात. पेट्रोलमधील हलके घटक ३५ ते ४० अंशांपासूनच उकळू लागतात.

लक्षण एक, दोष दोन

नळीत किंवा पंपात वाफ झाली, तर पंप ती ढकलू शकत नाही आणि इंजिनाला पेट्रोलच मिळत नाही. हा ‘व्हेपर लॉक’. जुन्या जीप, अ‍ॅम्बेसेडरच्या पंपावर ओले फडके ठेवण्याचा उपाय यावरचाच. दुसऱ्या प्रकारात कार्बोरेटरमधील पेट्रोल उकळून इंजिनात सांडते आणि ते ‘ओव्हरफ्लो’ होते. टाकीतून उताराने पेट्रोल येणाऱ्या दुचाकींत हा प्रकार अधिक. वास येत असेल आणि प्लग ओला असेल, तर पेट्रोल जास्त झाले. प्लग कोरडा असेल, तर ते पोहोचलेले नसण्याची शक्यता अधिक.

‘ई-२०’चा वाटा किती?

‘ई-२०’ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. इथेनॉल ७८ अंशांना उकळते. पण पेट्रोलमध्ये मिसळल्यावर ७० अंशांच्या आसपास मिश्रणाचा मोठा भाग वाफ होतो. कार्बोरेटरच्या इंजिनात त्यामुळे सुरक्षित अंतर कमी होते. तथापि, कंपन्या मूळ पेट्रोलमधील हलके घटक कमी करून वाफेचे प्रमाण मर्यादेत ठेवू शकतात. म्हणून प्रत्येक बिघाडाचे कारण इथेनॉल नव्हे. इंधन दाबाखाली ठेवणाऱ्या ‘फ्युएल इंजेक्शन’च्या गाड्यांत हा त्रास कमी असतो.

बोटीत धोका का वाढतो?

शेजारच्या माढा तालुक्यातील उजनी जलाशय असो वा समुद्रकिनारा, आत बसवलेले इंजिन झाकणाखाली बंदिस्त असते. तिथे वारा लागत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते आणि स्टार्टरची एक ठिणगीही स्फोटाला पुरते. इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या फुगून गळू शकतात. शिवाय ते पाणी शोषते. अमेरिकेत म्हणूनच १० टक्क्यांहून अधिक इथेनॉलचे पेट्रोल बोटींना वर्ज्य आहे. डिझेल इतक्या सहज उकळत नसल्याने डिझेल बोटींत हा विशिष्ट दोष सहसा नसतो.

उपाय काय?

दुचाकी किंवा मोटार सावलीत १५-२० मिनिटे थंड होऊ द्यावी. पेट्रोल जास्त झाले असल्यास चोक न ओढता, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडून सुरू करावे. कार्बोरेटरखाली उष्णतारोधक पॅकिंग बसवणे, नळी सायलेन्सरपासून दूर नेणे आणि इथेनॉलला टिकणारी नळी वापरणे हे कायमचे उपाय.

बोटीत क्रम उलटा: आधी झाकण उघडून वास पाहायचा, हवा बाहेर फेकणारा पंखा किमान ४ मिनिटे चालवायचा, मगच स्टार्टर मारायचा. वास जात नसेल तर स्टार्टरला हात लावायचा नाही. मोटारीचा स्वस्त स्टार्टर किंवा अल्टरनेटर बोटीत बसवू नये. बोटीसाठीच्या भागांत ठिणगी बाहेर पडू न देण्याची रचना असते. इंजिन अडले तर प्रवासी अडकू नयेत, यासाठी वल्हे, नांगर आणि प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवेच.