शिकाऊ ताई आणि नऊशे रुपये

मागच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता आमच्या पाळणाघरात पालकांची मीटिंग होती. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही बारा-तेरा आईबाप गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो. (त्या खुर्चीवर बसून कुणाचाही रुबाब टिकत नाही. आमच्या ऑफिसातल्या अप्रेझलच्या मीटिंगा अशाच खुर्च्यांवर घ्यायला हव्यात.) बहुतेक सगळे आयटीतले, दोघं बँकेतले, एक डेंटिस्ट. पाळणाघर चालवणाऱ्या काकूंचं म्हणणं एवढंच होतं, की पुढच्या महिन्यापासून फी नऊशे रुपयांनी वाढवायची आहे. का? तर एक जास्तीची मुलगी कामाला ठेवायची आहे. जास्तीची म्हणजे अशी, की पहिले तीन महिने तिच्यावर एकही मूल एकटीवर सोपवायचं नाही. तिने काकूंच्या मागेमागे राहून नुसतं शिकायचं. आणि तरी तिला पूर्ण पगार द्यायचा.

खोलीत जरा कुजबुज झाली. मग एकाने तोंड उघडलं. "काकू, रागावू नका, पण शिकाऊ माणसाचे पैसे आम्ही का द्यायचे?"

तो एक म्हणजे मीच.

काकू काही बोलल्या नाहीत. "विचार करून कळवा," म्हणाल्या आणि चहा आणला. परत येताना नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बायको म्हणाली, "तू बेंचवर होतास तेव्हाचे पैसे कोणी दिले होते रे?"

सिग्नल सुटला, पण मी पहिल्या गिअरमध्येच राहिलो.

२०१४ साली मी कंपनीत लागलो तेव्हा पहिले चार महिने मला काम नव्हतं. ट्रेनिंग होतं. एसी वर्ग, सबसिडीचं जेवण, परीक्षा, आणि महिनाअखेर पूर्ण पगार. त्यानंतर तीन महिने मी एका प्रोजेक्टवर 'शॅडो' होतो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: शॅडो म्हणजे एका जाणत्या माणसाच्या शेजारी बसून तो काय करतो ते बघायचं, छोटी छोटी कामं करायची, चुकायचं, त्याने दुरुस्त करायचं. क्लायंट शॅडोचे पैसे देत नाही. तो आमच्या मॅनेजरला अगदी हेच विचारतो, की तुमच्या शिकाऊ माणसाचे पैसे आम्ही का द्यायचे? मग कंपनी ते स्वतः सोसते, कारण बाकीच्यांच्या बिलिंगमध्ये तेवढं मार्जिन असतं. सात महिने माझी एकही ओळ प्रॉडक्शनला गेली नव्हती. आणि गेली असती नि फुटली असती तरी काय झालं असतं? कुठल्या तरी विमा कंपनीचा एक रिपोर्ट उशिरा निघाला असता.

काकूंकडे मार्जिन नाही. सोळा मुलं, जागेचं भाडं, दूध, भाजी, मावशींचा पगार. सोळा गुणिले नऊशे म्हणजे चौदा हजार चारशे. हा हिशोब मी मीटिंगमध्येच मनात केला होता, पण तो 'आपल्याला लुटतायत का' हे तपासायला!

आता त्या नऊशे रुपयांच्या मागची गोष्ट सांगायला हवी, कारण त्यातही मी आहेच.

गेल्या वर्षी पाळणाघरात एक नवीन मुलगी आली होती. वय एकोणीस, बारावी झालेली, भोरकडची, वारज्याला मावशीकडे राहायची. मुलं तिला छोटी ताई म्हणायची. ती आली त्याच आठवड्यात पाळणाघरातल्या मावशी आजारी पडल्या आणि काकूंसमोर पर्यायच उरला नाही. काकू तान्ह्या मुलांच्या खोलीत, आणि बाहेर दोन-अडीच वर्षांची नऊ मुलं छोट्या ताईच्या एकटीच्या अंगावर. तिचा तो कामाचा दुसरा दिवस. संध्याकाळी मी घ्यायला गेलो तर माझ्या मुलीच्या दंडावर दातांचा व्रण. लालबुंद, गोल, एकेक दात मोजून घ्यावा असा. माझं डोकंच फिरलं. "तुमचं लक्ष कुठे होतं? कशासाठी पगार घेता?" असं मी त्या मुलीला सगळ्यांसमोर बोललो. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली, हे मला नंतर काकूंकडून कळलं.

नऊ मुलं. दोन-अडीच वर्षांची. तुम्ही वीकेंडला एक सांभाळून बघा, मग बोलू.

त्या वयाची मुलं चावतात. ती दुष्ट असतात म्हणून नाही, तर बोलता येत नाही म्हणून. हातातला ट्रक कुणी ओढला की 'माझा आहे, दे' हे वाक्य जिभेवर यायच्या आधी दात पोचलेले असतात. जाणती बाई तो ट्रक ओढला जायच्या आधीच तिथे पोचलेली असते. कुठलं मूल आज नीट जेवलं नाही, कुणाला झोप आली आहे, कोण सकाळपासून चिडचिडं आहे, हे तिच्या डोक्यात चालू असतं. आमच्याकडे सर्व्हरचं मॉनिटरिंग करायला मोठमोठे स्क्रीन लावतात. इथे ते सगळं एका बाईच्या डोळ्याच्या कोपऱ्यात असतं. हे पुस्तक वाचून येत नाही, आणि नुसतं 'बाईमाणूस आहे, येईलच' म्हणूनही येत नाही. शेजारी बसून, बघून, चुकून, कुणीतरी सांगून येतं.

छोटी ताई शिकली, आणि फार छान शिकली. मावशी परत आल्यावर काकूंनी तिला शेजारी घेतलं. संध्याकाळी मुलं गेली की दोघी पंधरा मिनिटं जमिनीवर फतकल मारून बसायच्या आणि एकेका मुलाबद्दल बोलायच्या. मी एकदा उशिरा पोचलो तेव्हा ते ऐकलं. "तो रडला तेव्हा तू त्याला लगेच उचललंस. आधी खाली बसायचं, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यायचं, मग विचारायचं, की उचलू का?" दुसऱ्या दिवशी तेच परत, थोडं पुढचं. द्राक्षं उभी चिरायची, आडवी नाही, म्हणजे घशात अडकत नाहीत. डायपर बदलताना गप्प राहायचं नाही, काय करतोय ते बाळाला सांगत राहायचं. आईबाप निघताना मुलाची नजर चुकवून पळायला लागले तर त्यांना थांबवायचं आणि टाटा करायला लावायचं, मूल रडलं तरी. (हे शेवटचं मला लागू होतं. पहिला महिना मी चोरासारखा पळत होतो. छोट्या ताईनेच एके दिवशी मला दारात अडवलं. "बाबा, टाटा करून जा. नाहीतर ती दिवसभर दाराकडे बघत बसते." एकोणीस वर्षांची मुलगी मला बापपण शिकवत होती, आणि बरोबर शिकवत होती.)

अकरा महिन्यांनी ती गेली. मोबाइलच्या दुकानात लागली. पगार तीन हजारांनी जास्त, आणि बसायला खुर्ची. तिला कोण नाव ठेवणार? माझी मुलगी मात्र पुढचे दहा-बारा दिवस पाळणाघरात शिरली की आधी सगळ्या खोल्या फिरून यायची. आम्हाला वाटलं खेळतेय. काकूंनी सांगितलं, शोधतेय.

तर काकूंना पुढच्या मुलीला दुसऱ्याच दिवशी नऊ मुलांच्या तोंडी द्यायचं नाहीये. म्हणून ते नऊशे.

ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही, हेही सांगायला पाहिजे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं तेव्हा अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई तेव्हा पस्तिशीच्या, शिक्षिका म्हणून चांगला अनुभव असलेल्या. पण एवढ्या लहान मुलांचं काम त्या ताराबाईंच्या हाताखाली, ते करता करताच शिकल्या. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, दगड, पानं आली. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली, आणि 'अंगणवाडी' हा आज पक्का सरकारी वाटणारा शब्द तिथून निघाला. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. म्हणजे ज्या दोन बायकांची नावं आपण बालशिक्षणात आदराने घेतो, त्यांच्यात गुरुशिष्येचं नातं होतं आणि वर्ग म्हणजे चालू बालवाडी होती.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी देशभर गेली. पण त्या सेविकेला जे मिळतं त्याला आजही पगार म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. मला हा शब्द फार खटकतो. मान आणि धन दोन्ही एकाच शब्दात उरकलं की दोन्ही थोडं थोडं दिलं तरी चालतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय, की बारावी किंवा त्याहून जास्त शिकलेल्या अंगणवाडी सेविकांना बालशिक्षणाचा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स द्यायचा, कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा डिप्लोमा, आणि तो टीव्ही चॅनेल नि स्मार्टफोनवरून, हातातलं काम फारसं न थांबवता. चांगलंच आहे. पण फोनवरच्या व्हिडिओतून 'उचलू का' कसं विचारायचं ते येईल, की शेजारी एक काकू लागतील? मला वाटतं काकू लागतील.

२०२२ मध्ये मी ऑनसाइटला इंग्लंडमध्ये, रेडिंगला होतो. मोठा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा. तिथल्या नर्सरीची फी भरताना डोळे पांढरे व्हायचे. त्याच्या खोलीत एक अठरा वर्षांची मुलगी अप्रेंटिस होती. ती नोकरीवर होती, पगार घेत होती, आणि तिच्या कामाच्या तासांतलाच काही वेळ शिकण्यासाठी राखून ठेवणं मालकाला बंधनकारक होतं. मधूनमधून कुणीतरी येऊन तिचं काम बघून जायचं. शेवटी तिला लेव्हल थ्रीचं सर्टिफिकेट मिळणार होतं, जे दुसऱ्या कुठल्याही नर्सरीत चालतं. दोन वर्षांच्या चार मुलांमागे किमान एक मोठं माणूस, असा तेव्हा तिथे नियम होता. (२०२३ पासून चाराची पाच मुलं झाली. काटकसर तिकडेही आहेच.) तिथे सगळं गोड आहे असं मला म्हणायचं नाही. अप्रेंटिसचा किमान पगार इतरांपेक्षा कमी असतो, आणि ती पुरेशी तयार आहे असं नर्सरीला वाटलं तर तिला मोजणीतही धरता येतं, म्हणजे स्वस्तातला हात म्हणून वापरायची वाट उघडीच. पण निदान 'ही मुलगी एक धंदा शिकते आहे' एवढं तरी सगळे मान्य करत होते. तिकडे मी कधी विचारलं नाही, की तिचे पैसे मी का द्यायचे. पौंडात निमूट भरत होतो. तेच रुपयांत मागितल्यावर तोंड उघडलं!

आपल्याकडे २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. सव्वीस आठवड्यांची रजा आली, आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं सक्तीचं झालं. आईने दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाऊ शकावं, हेही कायद्यात आलं. आमच्या कंपनीच्या एचआरने तेव्हा पाळणाघरांशी टायअप केले, त्याचं मोठं पोस्टर लिफ्टमध्ये लागलं होतं. त्यावर सीसीटीव्ही होता, ऑरगॅनिक जेवण होतं, 'अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड लर्निंग' होतं. मुलं सांभाळणाऱ्या बाईला कोणी, किती दिवस शिकवलं, हे नव्हतं. आणि मीही विचारलं नाही. सीसीटीव्हीचं अ‍ॅप मात्र लगेच डाउनलोड केलं.

कुणी म्हणेल, शिकवून तयार केली आणि निघून गेली तर? छोटी ताई गेलीच की. मान्य. पण हा युक्तिवाद आयटीतल्या माणसाने करावा म्हणजे कमाल आहे. मी स्वतः सात महिने फुकट शिकून दोन वर्षांत तीस टक्के हाइकवर उडी मारली होती. कंपनीने त्यावरून ट्रेनिंग बंद केलं नाही. शिवाय ती गेली ती शिकली म्हणून नाही. शिकली तरी पगार तोच राहिला म्हणून. तिच्याजवळ अकरा महिन्यांच्या शिकण्याचा एक कागदसुद्धा नव्हता, जो दाखवून दुसऱ्या पाळणाघरात दोन पैसे जास्त मागता आले असते. त्या मोबाइलच्या दुकानात तिला पहिले आठ दिवस ट्रेनिंग दिलं म्हणे. फोन कसा विकायचा याचं.

कागदाचंही मला फार प्रेम नाही. उद्या सर्टिफिकेट सक्तीचं झालं की परवा गल्लीगल्लीत दोन हजारात ते देणारी दुकानं निघतील, हे आपण सगळे जाणतो. म्हणून कागद नंतर येऊ दे. आधी ते तीन महिने हवेत: पगारी, मोजणीत न धरलेले, शेजारी जाणतं माणूस असलेले. त्याचा खर्च कंपन्यांनी उचलावा असं माझं मत आहे, कारण आम्ही दोघं नवरा-बायको सकाळी साडेनऊला लॉग इन करू शकतो ते काकूंमुळे. एचआरला तशी मेल केली आहे. 'वी व्हॅल्यू युअर फीडबॅक' असं उत्तर आलंय. तोवर आपण आईबाप उरतो.

रविवारी रात्री पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी लिहिलं, की शनिवारी मी जे बोललो ते चुकीचं होतं, नऊशेला माझा होकार आहे, आणि चावण्याच्या त्या दिवशी मी छोट्या ताईला जे बोललो तेही चुकीचं होतं. आत्तापर्यंत चार अंगठे आलेत. डेंटिस्टबाईंनी लिहिलंय, "नऊशेचे सातशे होतील का?" काकू ग्रुपवर नाहीत. छोट्या ताईचा नंबर बायकोकडे होता, तिला मेसेज केला, त्यावर तिने नुसतं विचारलं, "ती अजून वरणभातात लिंबू मागते का?"

मागते.