दिव्यांना भुलू नका, मेमरी मोजा



मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या ताई संध्याकाळी घरी आल्या. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी भिशी लावली होती. भिशीचे 40 हजार हाती आले आणि ते त्यांनी मुलाच्या कॉम्प्युटरसाठी काढून दिले. मुलगा लग्नाचे शूटिंग करणाऱ्या एका फोटोग्राफरच्या हाताखाली आहे. एडिटिंग घरी केले तर दर लग्नामागे दोन पैसे जास्त सुटतील, असा माय-लेकांचा हिशेब. पण पहिल्याच मंगल परिणयाचे शूटिंग कॉम्प्युटरमध्ये घातले आणि चित्र अडखळू लागले. मध्यरात्री कॉम्प्युटर जागीच गोठला. ताई म्हणाल्या, "पैसे तर गेलेच, वर लग्नवाले रोज फोन करतात. पोराला जेवण जात नाही. तुम्ही जरा येऊन बघता का?"

आम्ही गेलो. पेटी काचेची, आत लाल-निळे दिवे फिरत होते. दुकानदाराने पैसे कशावर लावले होते ते दिसतच होते. आत 8 जीबी मेमरीची एकच पट्टी, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही आणि विंडोज 10 ची चोरीची प्रत. मुलाला आम्ही विचारले, "घेताना मेमरी किती, हे विचारलेस का?" तो म्हणाला, "काका, गेम चालतो म्हणाले. मला वाटलं मग एडिटिंग पण चालेल." चूक त्याची नाही. आपल्या घरांत ही वस्तू पहिल्यांदाच येते. कोणी सांगितलेले नसते. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

मेमरी म्हणजे काय, हे आमच्या भगिनींना चटकन कळेल. डिस्क म्हणजे घरातले फडताळ आणि मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. फडताळात वर्षाचे धान्य मावते, पण एका वेळी काम होते ते ओट्यावर जेवढे मावेल तेवढ्याचेच. ओटा लहान असला की परात खाली ठेवा, पातेले वर घ्या, यातच वेळ जातो. कॉम्प्युटरही मेमरी भरली की सामान डिस्कवर उतरवतो आणि पुन्हा चढवतो. अडखळणे म्हणतात ते बहुतेक वेळा हेच.

आता व्हिडिओला ओटा किती लागतो ते पाहा. फुल एचडी चित्रात आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके, म्हणजे 20 लाखांहून जास्त. एका ठिपक्याला 4 बाइट धरले तर एक चित्र सुमारे 8 एमबीचे होते. सेकंदाला 25 चित्रे धरली तर एका सेकंदाला सुमारे 200 एमबी. फोरके असेल तर त्याच्या चौपट. फोनमधली फाइल लहान दिसते, कारण ती दाबून भरलेली असते. एडिटिंगच्या वेळी ती उलगडावी लागते. शिवाय वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्यावरचे चित्र दाखवण्यासाठीही याच मेमरीतला वाटा जातो. ताईंच्या घरी 8 जीबीत हे सगळे कोंबले होते.

म्हणून आमचे सांगणे असे: फुल एचडीच्या कामाला 16 जीबी धरून चालावे. फोरके किंवा भारी इफेक्टचे काम रोजचे असेल तर 32. 8 जीबीवर शिकता येते, पण लोकांचे काम अंगावर घेऊ नये. 16 घेताना शक्यतो 8-8 च्या दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात, दोन्ही मिळून वेगाने काम करतात. मात्र पट्टी बसवायच्या खाचा दोनच असतील आणि पुढे 32 करायचे मनात असेल, तर आज 16 ची एकच पट्टी घेऊन दुसरी खाच रिकामी ठेवणेही शहाणपणाचे. डीडीआर3, डीडीआर4 आणि डीडीआर5 या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. जुनी पट्टी सोबत नेल्याशिवाय नवी आणू नये. काही लॅपटॉपमध्ये आणि आजच्या मॅकमध्ये मेमरी कायमची जडवलेली असते. तिथे पुढे वाढवू, ही आशा ठेवू नये.

पैसे देण्यापूर्वी दुकानातच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी पाहावे. किती जीबी आहे आणि किती खाचा भरल्या आहेत, दोन्ही लिहिलेले असते. विचारायला लाजू नये. पैसे आपले आहेत.

आता विंडोज की लिनक्स? लोक हा प्रश्न आधी सोडवतात, आमच्या मते तो दुसरा आहे. पहिला प्रश्न, काम कोणाबरोबर करायचे? मालक जर प्रीमियरची प्रोजेक्ट फाइल पाठवत असेल आणि तशीच परत मागत असेल, तर विंडोज घ्यावेच लागेल, कारण प्रीमियर लिनक्सवर येत नाही. पण मालक नुसते शूटिंग देतो आणि तयार फिल्म मागतो, असे असेल तर तुम्ही कशावर कापले, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. मग लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही प्रणाली आणि केडेनलाइव्ह किंवा शॉटकट हे एडिटिंगचे सॉफ्टवेअर घ्यावे. सगळे फुकट आणि कायदेशीर. ही दोन्ही सॉफ्टवेअर विंडोजवरही चालतात, त्यामुळे शिकलेले वाया जात नाही. दाविंची रिझॉल्व्हचीही मोफत आवृत्ती आहे, पण लिनक्सवर तिला फोनच्या नेहमीच्या एच.264 फायली उघडताना अडचण येते. ते वापरायचे तर विंडोज बरे.

जुना कॉम्प्युटर घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. विंडोज 10 ची साधारण सेवा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरांवर अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे कचेऱ्यांतून निघालेले कॉम्प्युटर लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात स्वस्त दिसतात. लिनक्सवर त्यातले पुष्कळसे नीट चालतात. पण प्रणाली 64 बिटचीच हवी. साध्या 32 बिट विंडोजला 4 जीबीच्या पलीकडची मेमरी वापरता येत नाही. 16 जीबी बसवली तरी बाकीची नुसती पडून राहते.

आणि चोरीची प्रत घेऊ नका. तिच्याबरोबर काय काय घरात शिरते ते कळत नाही. लग्न पुन्हा लागत नाही, त्या फायली गेल्या की गेल्या. मूळ शूटिंगची एक प्रत नेहमी वेगळ्या डिस्कवर ठेवावी.

ताईंच्या मुलाचा मालक तयार फिल्मच मागत होता. आम्ही आधी फायलींची प्रत काढली, मग लिनक्स मिंट बसवले. विंडोजच्या परवान्याला लागले असते ते पैसे वाचले, त्यात थोडी भर घालून 8 जीबीची दुसरी पट्टी आणली. 2025 च्या अखेरीस मेमरीचे भाव बरेच चढले होते, त्यामुळे तीही स्वस्तात पडली नाही. काही दृश्ये फोरके होती. त्यांच्या लहान प्रती करून त्यांवर काम केले आणि शेवटची फिल्म मूळ फायलींवरून काढली. याला प्रॉक्सी म्हणतात. ज्यांची मेमरी कमी आहे त्यांनी हे जरूर शिकावे. शीर्षकातली नावे युनिकोड मराठीत टाइप करून जोडाक्षरे तुटत नाहीत ना, हेही पाहून घेतले.

पहिले चार दिवस मुलगा वैतागला, बटणे सापडेनात. फिल्म ठरल्यापेक्षा आठवडाभर उशिरा गेली आणि मालकाची बोलणी बसली. पण गेली. परवा ताई भेटल्या, म्हणाल्या, "दुसरं लग्न आलंय हो. आता रात्री झोपतो तरी."

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी काम ठरवावे, मग सॉफ्टवेअर, मग प्रणाली, मग मेमरी आणि सर्वांत शेवटी पेटी. दुकानात आपल्याला उलटे दाखवतात, पेटी आधी. आईच्या घामाचा पैसा दिव्यांत जाऊ देऊ नये, एवढेच सांगणे.