दोष डुकराचा नव्हे, व्यवस्थेचा

चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावी डुकरांचा प्रश्न निघाला की प्रतिष्ठितांचे तत्काळ एकमत होते: डुकरे पकडा, गावाबाहेर हाकला, पाळणाऱ्यांना दंड करा. ज्या भूमिहीनांनी पिढ्यानुपिढ्या या जनावरावर पोट भरले, त्यांचे मत कोणी विचारीत नाही.

डुक्कर गटारात शिरते, कारण गटारात माणसाचा मैला असतो. पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात. ती डुकराच्या पोटात जातात, आणि मळ्यातील भाजीवरून माणसाच्याही. मेंदूत गाठी होऊन झटके येतात ते याच अंड्यांमुळे, आणि म्हणून कट्टर शाकाहारीही या रोगापासून सुरक्षित नाही. रोगाचे मूळ आपल्या सांडपाण्यात असता शिक्षा मात्र डुकराला आणि त्याच्या धन्याला!

उपाय शास्त्राला ठाऊक आहे. जनावर पक्क्या फरशीवर बांधावे, मूत्र विहिरीपासून दूर बंदिस्त टाकीत घ्यावे, विष्ठा गॅसच्या संयंत्रात घालावी. किलोमागे ती गाईच्या शेणाहून अधिक गॅस देते. ही विष्ठा नत्राने समृद्ध असते. तिला कोरड्या काडीकचऱ्याची जोड लागते. खानदेशात कापसाच्या पऱ्हाट्या जाळल्या जातात, केळीचे खांब बांधावर कुजतात. त्यांचे तुकडे करून विष्ठेसह थर रचले, तर ढीग ५५ अंशांपलीकडे तापतो, कृमींची अंडी मरतात आणि उत्तम खत हाती येते.

हे स्वप्नरंजन नव्हे. कणकवलीच्या गोपुरीत आप्पासाहेब पटवर्धनांनी माणसाच्या मैल्याचे सोनखत करण्याचे व्रत चालविले, देहूच्या डॉ. मापुस्करांनी संडासाला गॅस संयंत्र जोडून दाखविले. जे माणसाच्या विष्ठेचे झाले ते डुकराच्या विष्ठेचे का होऊ नये?

अडते ते पैशाच्या वाटपात. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानाने २०२१ च्या सुधारित योजनेत १०० माद्या व १० नरांच्या प्रकल्पास ३० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवले. गटाराकाठी पाच डुकरे बाळगणाऱ्या विधवेने शंभर माद्या कोठून आणाव्यात? जमीन आणि तारण ज्याच्यापाशी आहे, त्याच्यासाठी वराहपालन हा उद्योग. जिच्यापाशी नाही, तिच्यासाठी तोच उपद्रव!

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. नगरपालिकेने पाळणाऱ्यांच्या सहकारी संस्थेला जागा, पाणी व पक्के गोठे द्यावेत. खताची मालकी संस्थेचीच राहावी. आणि एक दक्षता घ्यावी: हाताने मैला उचलण्याची प्रथा १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी निषिद्ध केली आहे; खताच्या नावाने तीच टोपली पुन्हा त्याच डोक्यावर चढता कामा नये. फावडे, गाडा आणि रास्त मजुरी यांवाचून कोणतीही खत योजना आपण मान्य करू नये.

उकिरडा कोणी उपसायचा आणि त्यातले सोने कोणी न्यायचे, हाच खरा प्रश्न आहे. चोपड्याच्या कार्यकर्त्यांनी तो पालिकेच्या दारात उभा करावा.