पाळी गावाची

स्वादुपिंडाचा कर्करोग जठरामागे निमूटपणे वाढतो आणि कावीळ, पाठदुखी किंवा वजनातील घट यांच्या रूपाने आपली वर्दी देतो, तेव्हा बहुधा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. मुंबई, न्यूयॉर्क, दिल्ली येथील उपचार लाभूनही गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी याच आजाराने निवर्तले. मग नेवासे तालुक्यातील घोडेगावी, जिथे कांद्याच्या लिलावावर आणि जनावरांच्या बाजारावर घराचे अर्थकारण चालते, तेथील रुग्णाने काय करावे? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून, संलग्न रुग्णालयात, केमोथेरपीचा खर्च पुष्कळसा भागतो. परंतु ठरल्या दिवशी नगरला सोबत जाणारा माणूस, मागे राहिलेल्या गाईंची धार आणि दाखल्यांसाठी कचेरीतले हेलपाटे यांची तजवीज सरकार करू शकत नाही. ती गावानेच, पाळी लावून, करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्गणी एकदाच गोळा होते. उपचार महिनोन्महिने चालतो. आणि भेटीस येणाऱ्यांनी (हे कटू वाटेल) जडीबुटीचे सल्ले व सर्दीखोकला दोन्ही घरीच ठेवावेत, कारण केमोथेरपीच्या औषधांनी रक्तातील श्वेतपेशी घटतात आणि ताप चढल्यास रुग्णाला त्याच रात्री इस्पितळात न्यावे लागते. तेव्हा गाडी कोणाची, हे आधीच ठरलेले असावे.